चार्जरला थांबता येतं का, ते आधी बघा

मागच्या अंकात एका वाचकाला रिमोटबद्दल उत्तर देताना मी सहज लिहिलं होतं, की संपलेले सेल रिमोटमध्ये तसेच ठेवू नका, गळतात आणि रिमोट घेऊन जातात. एवढ्या एका ओळीवर जितके मेसेज आले तितके याआधी कशावरच आले नव्हते, आणि त्यातले निम्म्याहून जास्त रिचार्जेबल सेलबद्दल आहेत. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात रोज हेच सेल, हेच चार्जर समोर येतात, म्हणून यावेळी पूर्ण सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : नातवाच्या रिमोटवाल्या गाडीला दर आठवड्याला चार पेन्सिल सेल लागतात, एक सेल १५ रुपये. म्हणून चार रिचार्जेबल सेल आणि सोबत मिळाला तो स्वस्तातला चार्जर आणला. सहा महिन्यांतच सेल बाद झाले, पाच मिनिटं गाडी पळते आणि बसते. चार्ज करताना सेल खूप गरम व्हायचे. रिचार्जेबल म्हणजे नुसती फसवणूकच आहे का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, फसवणूक नाही. तुमचे सेल बहुतेक चांगलेच असणार, त्यांना मारलं त्या चार्जरने. हे मी छातीठोकपणे सांगतो कारण दुकानात येणाऱ्या 'बाद' सेलपैकी खूप सेल याच एका कारणाने गेलेले असतात.

होतं काय ते नीट समजून घ्या. नळाखाली हंडा लावला तर भरल्यावर कोणीतरी नळ बंद करावा लागतो ना, तसं सेल भरला की वीज थांबवावी लागते. न थांबवली तर सेलमध्ये साठायला जागा नसते, मग ती सगळी वीज उष्णता बनते, सेल आतून तापतो, आत वायूचा दाब वाढतो, आणि टोकाशी जी बारीक सुरक्षा-झडप असते ती उघडून तो वायू आणि थोडं थोडं आतलं द्रावण बाहेर जातं. एकदा ते गेलं की सेलची ताकद गेली, परत येत नाही. बाहेरून बघितलं तर सेल नवाच दिसतो, फार तर टोकाला पांढरा भुरका थर आणि प्लास्टिकचं वेष्टन थोडं आखडलेलं.

स्वस्तातल्या चार्जरला हा नळ बंद करताच येत नाही. त्याच्यावरचा लाल दिवा फक्त एवढंच सांगतो की वीज चालू आहे, सेल भरला की नाही याच्याशी त्या दिव्याचा काही संबंध नसतो. सेल रिकामा असू दे नाहीतर काठोकाठ भरलेला असू दे, तो सारखाच करंट ढकलत राहतो. अशा चार्जरसोबत वेळ तुम्ही स्वतः मोजायचा असतो आणि तो हिशोब अगदी सोपा आहे : सेलवर लिहिलेला एमएएचचा (सेलमध्ये किती वीज मावते त्याचा) आकडा घ्या, त्याला चार्जरवर लिहिलेल्या आउटपुटच्या मिलिअँपिअरने भागा, आणि आलेल्या उत्तराला दीडने गुणा. सेल २००० चा आणि चार्जर २०० चा असेल तर १० तास गुणिले दीड, म्हणजे १५ तास. दीडपट का, तर ढकललेली सगळी वीज साठत नाही, काही वाया जातेच. आता घरात हे १५ तास कोण लक्षात ठेवतं? रात्री लावला, सकाळी विसरलो, संध्याकाळी आठवलं, असंच होतं. आणि अर्धे भरलेले सेल पुन्हा लावले तर हा हिशोबच चुकतो, कारण सुरुवात रिकाम्यापासून धरलेली असते.

चांगला चार्जर, ज्याला स्मार्ट चार्जर म्हणतात, तो प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर नजर ठेवतो. निकेल मेटल हायड्राइड सेल (आपले नेहमीचे रिचार्जेबल पेन्सिल सेल याच प्रकारचे) भरत आला की त्याचं व्होल्टेज चढत जातं, आणि पूर्ण भरला की एक गंमत होते, ते किंचित खाली येतं, अगदी पाच-दहा मिलिव्होल्ट. ती बारीकशी उतरण चार्जर पकडतो आणि थांबतो. जोडीला तापमान बघणारा सेन्सर असतो आणि उतरण चुकलीच तर ठरलेल्या वेळेनंतर बंद करणारा टायमर.

दुकानात गेलात की खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा चार्जरच हातात घेऊन बघा. प्रत्येक खाचेला वेगळा दिवा किंवा स्क्रीनवर वेगळा कप्पा आहे का? मग दुकानदाराला सांगा, एकच सेल लावून दाखवा. एका सेलला चार्जर चालू झाला तर तो प्रत्येक सेल वेगळा चार्ज करतो. दोन लावल्याशिवाय चालूच होत नसेल तर तो जोडीने चार्ज करणारा आहे, आणि जोडीत एक सेल थोडा जरी जास्त भरलेला असला तरी तोच तापणार आणि दुसरा अर्धवट राहणार. असा चार्जर घेऊ नका. करंट किती ते मागच्या लेबलवर बघा, डबल ए (नेहमीच्या पेन्सिल) सेलला ५०० ते १००० मिलिअँपिअर आणि ट्रिपल एला (त्याहून बारीक सेलला) ३०० ते ५०० च्या आसपास चांगलं. अगदी कमी करंटला ती उतरण इतकी पुसट होते की स्मार्ट चार्जरलाही सापडत नाही, आणि पंधरा मिनिटांत चार्ज वगैरे म्हणणारे चार्जर सेलला इतके तापवतात की सेलचं आयुष्य कमी होतं. दोन ते चार तासांत भरणारा चार्जर घरासाठी योग्य.

आणखी एक, चार्जरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. मोबाईलवर बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की नोंदणी खरी आहे का, कोणाच्या नावाने आहे ते दिसतं. दुकानातच उभं राहून दोन मिनिटांत होतं, लाजू नका.

पैशांचं म्हणाल तर तुमचे आठवड्याचे ६० रुपये वर्षाला ३१२० होतात. चार चांगले सेल आणि स्मार्ट चार्जर मिळून त्याच्या आतच येईल, आणि ते सेल काही वर्षं चालतील. विजेचा खर्च तर धरूच नका, २००० एमएएचचा एक सेल म्हणजे अडीच वॉट-तासाच्या आतबाहेर, वाया जाणारी वीज धरून पाच म्हणा, चार सेलचे वीस, म्हणजे एका युनिटमध्ये (हजार वॉट-तासांत) चार सेलचा सेट पन्नास वेळा चार्ज होतो.

प्रश्न : आमच्याकडे बॅटरीचे शेल मंद झाले की उन्हात वाळत घालायचे, वडील तर दाताने चेपायचे, आणि खरंच थोडे दिवस चालायचे. आता मुलाने कुठेतरी व्हिडिओ पाहिला की साधे शेल पण चार्ज करता येतात, आणि तो चार्जरला लावतोय. लावू देऊ का? (शेतकरी ताई, जि. बीड)

नका लावू देऊ ताई, आज संध्याकाळीच थांबवा.

उन्हातल्या शेलचं तुमचं निरीक्षण मात्र खरं आहे. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया थोडी वेगाने होते आणि विश्रांतीनेही शेल थोडा सावरतो, म्हणून टॉर्च परत थोडा वेळ लागते. पण नवी ताकद त्यात कुठून येत नाही, उरलेली थोडी जास्त बाहेर निघते एवढंच, आणि त्या साध्या शेलचं जस्ताचं भांडंच झिजत झिजत पातळ झालेलं असतं. हो, साध्या शेलमध्ये बाहेरचं जस्ताचं भांडं हेच त्याचं इंधन असतं, वापरलं तसं ते खाल्लं जातं, म्हणून तर जुना शेल फुटतो आणि चिकट पाणी सुटतं. दाताने तर नकोच, ते रसायन तोंडात जातं.

अशा झिजलेल्या शेलमध्ये उलटी वीज ढकलली तर आत हायड्रोजन वायू तयार होतो, त्याला बाहेर पडायला नीट वाट नसते, मग शेल गळतो नाहीतर फुटतो. अल्कलाइन सेलचंही (साध्यापेक्षा जास्त चालणारे, पण चार्ज न होणारे) तेच, त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड नावाचं जहाल रसायन असतं, डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. म्हणून नियम एकच : ज्या सेलवर रिचार्जेबल असं लिहिलंय आणि एमएएचचा आकडा छापलाय तोच चार्जरला लावायचा. मुलगा जिज्ञासू आहे ही चांगली गोष्ट आहे, त्याला खरा रिचार्जेबल सेल आणि चार्जर आणून द्या आणि वरचा भागाकार त्यालाच करायला लावा.

प्रश्न : आमचं भजनी मंडळ आहे, सहा कॉर्डलेस माईक आहेत, प्रत्येकात दोन डबल ए. गेल्या वर्षी १२ रिचार्जेबल सेल घेतले, मध्ये काही हरवले म्हणून दुसऱ्या कंपनीचे चार आणले. आता ऐन कार्यक्रमात अभंग रंगात आला की कोणता माईक बंद पडेल याचा भरवसाच नाही. सेल चार्जरवर तर फुल दाखवतात. (मंडळाच्या सचिव, सांगली)

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी मुद्दाम थोडं जास्त लिहितोय, कारण ही चूक घराघरात होते, फक्त घरात ती लक्षात येत नाही आणि तुमच्याकडे ती लाऊडस्पीकरवर ऐकू येते.

तुमचे सेल मिसळलेत. माईकमध्ये दोन सेल एकामागे एक बसतात, दोघांतून एकच करंट वाहतो. एक सेल २००० चा आणि दुसरा जुना, आता जेमतेम १२०० उरलेला असेल, तर दोघेही चार्जरवर 'फुल' दाखवतील, कारण दोघेही आपापल्या मापाने फुलच आहेत, एक लोटी भरली आणि एक कळशी भरली. पण अर्ध्या कार्यक्रमात लोटी रिकामी झाली. आता कळशीवाला सेल अजून वीज देतोय, ती त्या रिकाम्या सेलमधून ओढली जाते आणि रिकामा सेल उलटा चार्ज व्हायला लागतो, त्याचा प्लस मायनस होऊ लागतो. असं दोन-चार वेळा झालं की तो सेल कायमचा गेला. मग तुम्ही पुन्हा नवा आणून जुन्यासोबत घालता आणि तेच चक्र सुरू.

म्हणून आधी सगळे सेल बाहेर काढा आणि टेबलावर मांडा. परमनंट मार्कर घ्या. एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले सेल जोडीने लावा आणि त्यावर १अ-१ब, २अ-२ब असं लिहा, खरेदीचा महिना-वर्षही लिहा. १अ नेहमी १ब बरोबरच माईकमध्ये जाईल, बरोबरच चार्ज होईल, आणि त्यातला एक गेला तर दुसरा माईकमधून रिटायर, तो घरी नेऊन एकट्या सेलवर चालणाऱ्या एखाद्या छोट्या टॉर्चला वापरा. कोणता सेल लोटी झालाय ते ओळखायला असा स्मार्ट चार्जर मिळतो ज्यात टेस्ट किंवा रिफ्रेश असं बटण असतं, तो सेल पूर्ण भरतो, मग रिकामा करून किती एमएएच निघाले ते स्क्रीनवर दाखवतो. छापलेल्या आकड्याच्या साठ-सत्तर टक्क्यांच्या खाली गेलेला सेल माईकमध्ये घालू नका. मंडळासाठी असा एक चार्जर नक्की घ्या, एकदाचा खर्च आहे.

दुसरं कारणही असू शकतं. तुमचे सेल कोणत्या प्रकारचे आहेत? निकेल मेटल हायड्राइडमध्ये दोन जाती आहेत. जास्त आकड्याचे, २५०० ते २८०० एमएएच लिहिलेले नेहमीचे सेल नुसते पडून पडून रिकामे होतात, महिन्याभरात पाव भाग तरी सहज जातो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. एकादशीला चार्ज करून ठेवले आणि पुढच्या एकादशीला काढले तर ते भरलेले नसतातच. दुसरी जात म्हणजे कमी गळतीचे सेल, पाकिटावर प्री-चार्ज्ड किंवा रेडी टू यूज असं लिहिलेलं असतं. सान्यो कंपनीने २००५ मध्ये एनेलूप नावाने हे जपानमध्ये आणले, आता ते पॅनासॉनिकचे आहेत, आणि इतर कंपन्याही तसे बनवतात. यांचा आकडा २००० च्या आसपास, दिसायला कमी, पण वर्षभर कपाटात ठेवले तरी बहुतेक चार्ज शिल्लक राहतो. माईक, टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश, जे अधूनमधून आणि अचानक लागतं त्याला हेच सेल.

आणि माईकवरच्या, बॅटरी संपत आल्याचं दाखवणाऱ्या लाल दिव्याला घाबरू नका. तो १.५ व्होल्टच्या साध्या सेलच्या हिशोबाने बसवलेला असतो, आपले सेल १.२ व्होल्टचे, त्यामुळे काही माईकमध्ये तो लवकर लागतो पण पुढे बराच वेळ माईक चालतो. तुमच्या माईकचा खरा वेळ एकदा तालमीत घड्याळ लावून मोजा आणि त्याच्या आधीच जोडी बदला. शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढायची गरज नाही, एका सेलचं व्होल्टेज १ च्या खाली गेलं की नुकसान सुरू होतं.

प्रश्न : पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये, नाहीतर सेलला सवय लागते म्हणतात, खरं का? (अनेक वाचक)

ही गोष्ट जुन्या निकेल कॅडमियम सेलची. त्यांच्यात तसा प्रकार होता आणि तीच शिकवण आपण मोबाईलपर्यंत घेऊन आलो. आत्ताच्या निकेल मेटल हायड्राइडमध्ये तो नावापुरता आहे, वेळ मिळेल तेव्हा चार्ज करा (स्मार्ट चार्जरवर, हे धरूनच बोलतोय). सेल थोडा सुस्त वाटला तर दोन-तीन वेळा वापरून पूर्ण चार्ज केला की सुधारतो. नवे सेलसुद्धा पहिल्या तीन-चार वेळांनंतरच पूर्ण ताकद दाखवतात, तेव्हा पहिल्याच दिवशी निराश होऊ नका.

फार दिवस पडून अगदी तळाला गेलेला सेल स्मार्ट चार्जर घेतच नाही, दिवा लुकलुकतो आणि बंद. असा सेल साध्या चार्जरवर पाच-दहा मिनिटं, समोर बसून, ठेवायचा आणि मग स्मार्टवर लावायचा. बरेचदा उठतो. पण हे फक्त निकेलच्या सेलसाठी, लिथियमच्या सेलला चुकूनही करू नका.

प्रश्न : ऑनलाइन ४८०० एमएएचचे डबल ए सेल मिळतायत, आणि यूएसबीची वायर थेट सेललाच लागते असेही आहेत. कुठले घेऊ? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

४८०० वाले घेऊ नकोस. निकेल मेटल हायड्राइडच्या डबल ए आकारात २८०० च्या पलीकडे फारसं काही बसतच नाही, त्यामुळे त्यावरचा कुठलाही मोठा आकडा खोटाच समज. घरी पोहे मोजायचा डिजिटल काटा असेल तर त्यावर सेल ठेवून बघ, चांगला डबल ए सेल २६ ते ३० ग्रॅम भरतो. माझ्याकडे एक गिऱ्हाईक असे चकचकीत सोनेरी सेल घेऊन आला होता, काट्यावर १७ ग्रॅम. कापून बघितलं तर आत बारका सेल आणि भोवती पुठ्ठ्यासारखं काहीतरी गुंडाळलेलं. (तू कापू नकोस, मी हातमोजे-चष्मा घालून करतो.)

यूएसबीवाले सेल ही वेगळी चीज आहे आणि काही कामांना ते खरंच चांगले आहेत. त्यांच्या आत लिथियम आयन सेल आणि एक छोटं सर्किट असतं जे बाहेर बरोबर १.५ व्होल्ट देतं. काही उपकरणं १.२ व्होल्टवर कुरकुर करतात, त्यांना हे मानवतात. पण त्यांचा आकडा बऱ्याचदा मिलिवॉट-तासात छापतात म्हणजे मोठा दिसतो. ३००० मिलिवॉट-तास भागिले १.५ व्होल्ट म्हणजे २००० एमएएच, चांगल्या निकेलच्या सेलइतकेच झाले की. शिवाय ते शेवटपर्यंत १.५ देतात आणि मग एकदम शून्य, आधी सूचना नाही, त्यामुळे रात्री ट्रेकला जाताना हेडलॅम्पमध्ये घालणार असशील तर जोडी जवळ ठेव. त्या सर्किटची घरघर रेडिओत ऐकू येते, तेव्हा ट्रान्झिस्टरला नको. आणि निकेलच्या चार्जरमध्ये हे सेल कधीही घालायचे नाहीत, ज्या वायरने चार्ज करायचे असं लिहिलंय तिनेच.

अजून एक धोका तुमच्यासारख्या प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब डबल ए, पण ३.७ व्होल्टचा. भरला की ४.२. तो माऊसमध्ये किंवा रिमोटमध्ये गेला तर उपकरण गेलंच, आणि निकेलच्या चार्जरमध्ये गेला तर आग लागू शकते. असे सेल घरातल्या ड्रॉवरमध्ये मोकळे टाकू नकोस, आईला फरक कळणार नाही आणि कळावा ही अपेक्षाही करू नये.

प्रश्न : भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, आईचं बीपीचं मशीन, सगळीकडे रिचार्जेबल घातले तर चालतील ना? (गृहिणी, डोंबिवली)

घड्याळाला नको. ते इतकी कमी वीज घेतं की साधा सेल वर्षभर आरामात जातो, रिचार्जेबल तिथे अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. रिमोटचंही तेच, साधे घाला आणि वर्षाने बदला, फक्त संपल्यावर पडून ठेवू नका. बीपी मशीनच्या पुस्तिकेत कुठले सेल घालायचे ते लिहिलेलं असतं, औषधपाण्याच्या वस्तूत पुस्तिका सांगेल तेच करा, आणि बॅटरीची खूण लुकलुकत असेल तर त्यावेळचं रीडिंग धरू नका. बऱ्याच मशीनना ॲडॉप्टर लावायची सोय असते, रोज बीपी बघत असाल तर तो घ्या.

रिचार्जेबल तिथे, जिथे सेल पटापट संपतात : खेळणी, टॉर्च, गेमचे रिमोट, वायरलेस माऊस, फ्लॅश.

प्रश्न : भाच्याने न्यू जर्सीहून छान चार्जर पाठवलाय. इथे लावला तर चालेल का? (काका, ठाणे)

काका, प्लगला कन्व्हर्टर लावण्याआधी चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. इनपुटपुढे १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर बिनधास्त लावा. नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० वर तो जळेल, लावू नका. प्लगचा आकार बदलणारा तुकडा व्होल्टेज बदलत नाही, इथेच लोक फसतात. यूएसबीवर चालणारा चार्जर असेल तर प्रश्नच नाही, इथल्या चांगल्या मोबाईल ॲडॉप्टरला जोडा.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात चार्ज करताना सेल हाताला चटका देतात. बंद करावं का? (नागपूर) आणि आमच्याकडे पावसाळ्यात सेलच्या स्प्रिंगला हिरवट-पांढरा थर येतो, तो कसा काढायचा? (कुडाळ)

नागपूरकरांनो, चार्ज होताना सेल शेवटी शेवटी कोमट होणं ठीक आहे. मुठीत दहा सेकंद धरता येत नसेल तर बंद करा. बहुतेक कंपन्या चार्जिंगसाठी ४०-४५ अंशांची मर्यादा देतात, आणि तुमच्या घरात मे महिन्यात दुपारी खोलीच चाळिशीला टेकलेली असते, वर चार्जरची स्वतःची उष्णता. तेव्हा पहाटे नाहीतर कूलर असलेल्या खोलीत चार्ज करा. मोकळ्या फरशीवर ठेवा, गादीवर, टीव्हीच्या मागे, बंद कपाटात नाही. झोपताना किंवा घर बंद करून जाताना लावू नका, स्मार्ट चार्जर असला तरी. माझ्याच घरी, हे दुकान काढायच्या आधी, एका साध्या चार्जरवर दोन सेल रात्रभर राहिले होते, सकाळी खोलीत उग्र वास, चार्जरचं प्लास्टिक वितळून सेलला चिकटलेलं आणि खालच्या सनमायक्यावर तपकिरी डाग. तो डाग अजून तिथे आहे. चार्जर टीपॉयऐवजी पलंगावर असता तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करतो.

कुडाळकरांनो, तुमचा थर दोन प्रकारचा असतो. नुसत्या दमट हवेने आलेला हिरवट गंज खोडरबराने घासला तरी निघतो. पण सेल गळून आलेला पांढरा, मिठासारखा थर असेल तर तो बहुतेक अल्कलाइन सेलचा असतो. हातमोजे घाला, कान साफ करायची कापसाची काडी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात अगदी थोडी बुडवा आणि लावा, थोडा फेस येईल, मग कोरड्या काडीने पुसा, शेवटी पाण्याने ओलसर केलेल्या काडीने पुसून पूर्ण वाळू द्या. साध्या जस्ताच्या सेलचं पाणी तपकिरी आणि चिकट असतं, ते आम्लधर्मी, तिथे लिंबू उपयोगाचं नाही, चिमूटभर खायचा सोडा पाण्यात कालवून त्याने पुसा. थर फुंकू नका, डोळ्यात जातो. पावसाळ्यात जे उपकरण दोन महिने वापरणार नाही त्यातले सेल काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, बाहेर काढल्यावर त्यावर ओल धरते.

प्रश्न : संपलेले सेल कचऱ्यात टाकायचे का? आणि घरात दीड वर्षाचं बाळ आहे, काही काळजी? (तरुण आई, छत्रपती संभाजीनगर)

आधी बाळाचं सांगतो, कारण ते जास्त महत्त्वाचं. पेन्सिल सेलपेक्षा मला बटन सेलची भीती वाटते, सीआर २०३२ सारखे, रुपयाच्या नाण्याएवढे. वजनकाटा, गाडीच्या चावीचा रिमोट, दिवाळीच्या छोट्या एलईडी पणत्या, गाणारी खेळणी, सगळीकडे ते असतात. बाळाने गिळला आणि घशाखाली अडकला तर तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि बटन सेल गिळलाय असं स्पष्ट सांगा, कारण एक्स-रेमध्ये तो नाण्यासारखा दिसतो. ज्या वस्तूचं सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती आजच उंच कपाटात ठेवा. आणि हो, सीआर २०३२ चार्ज होत नाही, एलआयआर २०३२ होतो, पण त्याला त्याचाच चार्जर लागतो. घरात दोन्ही ठेवू नका, गोंधळ होतो.

आता कचऱ्याचं. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार घरातले छोटे सेलसुद्धा परत गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी ते बनवणाऱ्या-आणणाऱ्या कंपन्यांवर आहे, आणि आपण ते इतर कचऱ्यापासून वेगळे द्यायचे आहेत. सेलवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ते त्यासाठीच. जुने निकेल कॅडमियम सेल असतील तर ते आधी द्या, कॅडमियम विषारी आहे. एक प्लास्टिकची बरणी करा, तिच्यात संपलेले सेल टाका, लिथियमचे आणि नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचे टोक आधी चिकटपट्टीने झाका, कारण चौकोनीची दोन्ही टोकं शेजारी शेजारी असतात आणि किल्ली किंवा नाणं लागलं तरी ठिणगी पडून आग लागू शकते. बरणीही बाळाच्या हाताला लागणार नाही अशा जागी. भरली की ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, तुमच्या महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारलं तर जवळचं केंद्र किंवा गोळा करायचा दिवस कळेल.